२ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाकावं का? (बाबांसाठी)

अर्धविराम
नमस्कार मंडळी.
कपाटाच्या वरच्या फळीवर एक छोटा लॅपटॉप तीन वर्षं धूळ खात पडला होता. पडदा ११ इंची, कीबोर्ड वेगळा काढता येतो, पंखा नाही. प्रोसेसर इंटेल ॲटम झेड३७३५एफ, रॅम २ जीबी (बोर्डावरच चिकटवलेली, वाढत नाही), साठवण ३२ जीबी ईएमएमसी (डिस्कच्या जागी बोर्डावरचीच चिप). त्यावर विंडोज १०, तेही ३२-बिट.
परवा चालू केला. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून झाल्या. अपडेट घ्यायला गेलं तर जागा नाही. फोटो, गाणी, होतं नव्हतं ते सगळं काढलं तरी जागा नाहीच.
हा बाबांना हवाय. गरजा चार: मराठीत लिहिणं (आठवणी लिहितायत, दीडशे पानं झाली), मेल, बातम्या आणि कधीतरी एखादं भाषण किंवा गाणं बघणं.
हलकं लिनक्स टाकलं तर जमेल का? कुठलं टाकू? मला संगणकातलं एवढंच कळतं की अडलं की बंद करून परत चालू करावं.
आणि एक विनंती, प्रतिसाद शक्यतो सगळे देवनागरीत द्या. बाबा हा धागा वाचणार आहेत.

सरळरेषा
लुबुंटू टाका. विषय संपला.

वाकडीवाट
लिनक्सच्या धाग्यावर 'विषय संपला' लिहिणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. चटई टाकून बसलोय.

पेनड्राइव्हवाला
विंडोज ३२-बिट आहे म्हणजे प्रोसेसर ३२-बिट. लुबुंटूने ३२-बिट केव्हाच सोडलं. पपी किंवा अँटिएक्स ही जुन्या यंत्रांसाठीची लिनक्सं, बाकी काही चालणार नाही.

जुनाजाणता
पेनड्राइव्हवाला, घाई झाली. झेड३७३५एफ हा ६४-बिटच आहे. बे ट्रेल पिढीतला, चार कोअरचा. कंपन्यांनी त्यावर ३२-बिट विंडोज घातलं, कारण २ जीबी रॅमला ६४-बिटचा काही उपयोग नव्हता आणि ३२ जीबीमध्ये ते जरा कमी जागा खातं. तेव्हा ३२-बिटच्या गल्लीत शिरू नका. ती गल्ली आता बंद होत आलीय. डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून (ऑगस्ट २०२५) ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं होतं, फायरफॉक्सनेही १४४ नंतर सोडलं.

आता मूळ प्रश्न. अर्धविराम, 'हलकं लिनक्स' म्हणतात तेव्हा हलकं काय असतं ते आधी बघा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलं ते कर्नल. ते उबुंटूत, मिंटमध्ये, अँटिएक्समध्ये थोड्याफार फरकाने एकच. फरक पडतो तो वरच्या डेस्कटॉपमुळे. ग्नोम आणि एक्सएफसीई यांच्यात रिकाम्या अवस्थेत काही शे एमबी रॅमचा फरक असतो, आइसडब्ल्यूएमसारख्या नुसत्या विंडो मॅनेजरवर आणखी काही वाचतात. आणि मग आपण ब्राउझर उघडतो, चार टॅब लावतो, आणि वाचवलेलं सगळं एका बातम्यांच्या साइटला वाहतो.

म्हणून बाबांचा ब्राउझर कसा वापरला जाणार यावर तुमचं यश ठरणार. डिस्ट्रोचा (उबुंटू, मिंट असे लिनक्सचे तयार संच) नंबर त्याच्यानंतर.

सरळरेषा
म्हणजे लुबुंटू चालेल ना?

जुनाजाणता
चालेल. पण त्यात फायरफॉक्स स्नॅप (लागणारं सगळं सोबत बांधून आणणारं पॅकेज) म्हणून येतो, आणि ईएमएमसीवर स्नॅप पहिल्यांदा उघडायला वेळ खातो. त्यापेक्षा डेबियनवर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई, दोन्ही हलके डेस्कटॉप. लुबुंटूत दिसतो तोच एलएक्सक्यूटी.

कुरकुरे_काका
माझं मत वेगळं. २०१४-१५ सालातलं यंत्र, त्यातही सगळ्यात स्वस्त वर्गातलं. किती दिवस मलमपट्ट्या करणार? वापरलेला ऑफिस लॅपटॉप घ्या, ४-८ जीबी रॅम, त्यात साटा एसएसडी. जुन्या यंत्राला एसएसडीइतका फरक दुसरं काहीच पाडत नाही. तुमच्या यंत्रात तीही सोय नाही, ईएमएमसी बोर्डावर चिकटलेली. बाबांचे डोळे आणि बाबांचा वेळ यांना काही किंमत आहे की नाही?

भंगारप्रेमी
काका, हलकं घ्या, पण तुमच्या हिशेबाने माझ्या घरातलं निम्मं सामान आणि मी स्वतः, दोघंही बदलायला हवेत.
गंभीरपणे: चालू यंत्र टाकून द्यायचं कारण 'विंडोज मावत नाही' हे असेल तर ते यंत्राचं दुखणं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. म्हणजे हा लॅपटॉप त्या रांगेत उभाच राहू शकत नाही. आहे तसा नेटवर ठेवणं धोक्याचं. मग एक रविवार घालवून लिनक्स टाकून बघण्यात तोटा काय?

कुरकुरे_काका
रविवार एक नसतो. मी लिनक्सवर आठ महिने होतो, परत आलो. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर मिळेना, आणि प्रिंटर महिन्यातून एकदा संन्यास घ्यायचा. बाबांना यातलं काही करायचं असेल तर आत्ताच सांगा.

अर्धविराम
काका, नाही हो. बाबांचा हिशेब वहीत असतो आणि प्रिंटर आमच्याकडे नाही.

कुरकुरे_काका
मग टाका. आधी सांगायचं ना.

वाकडीवाट
काका इतक्या लवकर पटले? मी चटई उलगडली कशाला?

तळटीप
अर्धविरामताई, एक काम आधी करा. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह चालवून बघा. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं आणि मूळ डिस्कला हात लावायचा नाही. पाच गोष्टी तपासा: वायफाय, आवाज, पडद्याची प्रखरता, झाकण लावून उघडल्यावर जागं होतं का, आणि टचपॅड. या पाचांपैकी जे चालणार नाही ते तुम्हाला आधीच कळेल. लोक हे करत नाहीत आणि मग धागे काढतात.
बाबांची दीडशे पानं मात्र त्याच्याही आधी दुसरीकडे कॉपी करा. दोन ठिकाणी.

अर्धविराम
दीडशे पानं पेनड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे ठेवली.
डेबियनची ६४-बिट इमेज उतरवली, रूफस या प्रोग्रामने दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकली. लॅपटॉपमध्ये लावला, बूट मेन्यू उघडला, तर पेनड्राइव्ह दिसतच नाही! सिक्युअर बूट बंद केलं. तरी नाही. तीन पेनड्राइव्ह बदलले. माझ्या लॅपटॉपवर मात्र तोच पेनड्राइव्ह लगेच चालतो.
बंद करून परत चालू केलं. तेही करून झालं.

पेनड्राइव्हवाला
बघा. मी ३२-बिट म्हणत होतो.

जुनाजाणता
पेनड्राइव्हवाला, तुम्ही अर्धे बरोबर होतात, आणि माझी चूक झाली. हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. प्रोसेसर ६४-बिट, पण त्याचं यूईएफआय फर्मवेअर (बटण दाबल्यावर यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ३२-बिट! बे ट्रेलच्या या स्वस्त यंत्रांचा हा कुप्रसिद्ध घोळ आहे. फर्मवेअर पेनड्राइव्हवर 'बूटआयए३२ डॉट ईएफआय' नावाची फाइल शोधतं. बहुतेक ६४-बिट इमेजमध्ये फक्त 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' असते. ती त्याला वाचता येत नाही, म्हणून पेनड्राइव्ह आहे हेच ते मान्य करत नाही.

उपाय असा. काही डिस्ट्रोंच्या इमेजमध्ये ही ३२-बिट फाइल आधीच असते. नसेल तर रूफसमध्ये 'आयएसओ मोड' निवडून पेनड्राइव्ह बनवा ('डीडी मोड' नको, त्यात नंतर फाइल घालता येत नाही). मग त्यातल्या 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' फोल्डरात ती ग्रबची (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) ३२-बिट फाइल ठेवा. कर्नल ६४-बिटच राहतं. ३२-बिट फर्मवेअरवरून ६४-बिट कर्नल चालू होण्याची सोय ३.१५ पासून आहे. पुढे डेबियनचा इन्स्टॉलर फर्मवेअर ओळखतो आणि ग्रबही ३२-बिट ईएफआयचाच बसवतो.

सरळरेषा
एक लुबुंटू म्हटलं होतं मी फक्त.

टर्मिनलकर
जुनाजाणता, दंडवत. वाचनखूण साठवली. माझ्याकडचा असाच एक टॅबलेट याच कारणाने मी मेलेला समजत होतो.

भंगारप्रेमी
भंगारात दिला नाहीत ना?

टर्मिनलकर
भाच्याला दिलाय. त्यावर तो जेवतो. म्हणजे ताट ठेवतो.

अर्धविराम
चालू झालं!!! फाइल ठेवली आणि निळसर मेन्यू आला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, बाबांना वाटलं काही पडलं.
लाइव्हचा निकाल: वायफाय चालतं. प्रखरता चालते. टचपॅड चालतं. झाकण लावून उघडल्यावर कधी जागं होतं, कधी नाही. आवाज नाही.

तळटीप
पाचांत साडेतीन. या यंत्राला उत्तम गुण आहेत.
वायफाय लगेच चाललं ते डेबियनमुळे. १२ पासून त्यांनी फर्मवेअरच्या मुक्त नसलेल्या फाइल्स अधिकृत इमेजमध्येच घ्यायला सुरुवात केली. त्याआधी हेच काम करताना वायफायसाठी वायफाय लागायचं. अजून कोणी तिथे अडकलं तर फोन यूएसबीने जोडा आणि टेदरिंग लावा, बहुतेक वेळा काही न करता नेट मिळतं.
झाकणाचं: झोपवू नका. झाकण लावलं की फक्त पडदा बंद, असं ठेवा आणि बाबांना काम झालं की सरळ बंद करायला सांगा.

टर्मिनलकर
आवाजासाठी आधी साधं बघा. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडा आणि 'आउटपुट डिव्हाइसेस' बघा. पुष्कळदा आवाज एचडीएमआयकडे जात असतो, तिथे ऐकायला कोणीच नसतं. तिथे स्पीकर दिसतच नसेल तर 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' आणि 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' ही दोन पॅकेजेस आहेत का ते पाहा. बे ट्रेलचा आवाज या दोघांशिवाय तोंड उघडत नाही.
टर्मिनलमध्ये: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, आणि पुढे पॅकेजचं नाव, अर्थातच रोमन लिपीत.

वाकडीवाट
बाबा आता विचारणार, हा सुडो कोण?

अर्धविराम
विचारलंच. मी सांगितलं, घरातला कर्ता. त्याचं नाव घेतल्याशिवाय काही बसवता येत नाही.
इन्स्टॉल केलं, विंडोज पूर्ण पुसून. डेबियन आणि एलएक्सक्यूटी. दुसरं पॅकेज नव्हतं, घातलं, परत चालू केलं आणि आवाज आला. ३२ पैकी २० जीबीच्या वर मोकळी! मला दोन दिवस खरंच वाटेना.
आता दोन तक्रारी. एक, व्हिडिओ अडखळत चालतो, पंधरा-वीस मिनिटांत सगळंच गोठतं. माउससुद्धा हलत नाही. दोन, टॅब दोन-तीन उघडले की मंद. 'फ्री' कमांड दिली तर मोकळी मेमरी जेमतेम ९० एमबी दाखवतो. मग हलकं काय झालं?

जुनाजाणता
दुसरं आधी. 'फ्री'चा रकाना बघू नका, 'अव्हेलेबल'चा बघा. रिकामी पडलेली रॅम लिनक्स फाइल्सचा कॅश म्हणून वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. ९० हा आकडा घाबरायचा नाही. अव्हेलेबल जर दोनशेच्या खाली रेंगाळत असेल तर मात्र खरी टंचाई.

त्यावर उपाय झेडरॅम. 'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज घाला. मेमरीतले सध्या न वापरलेले तुकडे रॅममध्येच दाबून ठेवले जातात, डिस्कवर जात नाहीत. ईएमएमसीवर स्वॅप करणं (रॅममधलं तिथे नेऊन ठेवणं) म्हणजे यंत्र हळू आणि चिपचं आयुष्यही कमी. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दाबण्याची पद्धत झेडएसटीडी आणि प्रमाण ५० टक्के ठेवून सुरुवात करा. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण चार कोअर आहेत, रडतील थोडे.

ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती डोळ्यांना खुपतात म्हणून लोक घालतात, इथे रॅमसाठी घाला. बातम्यांच्या साइटवर फरक तुम्हाला घड्याळ न लावता कळेल.

गोठण्याचं मात्र टर्मिनलकर सांगतील, त्यांनी भोगलंय.

टर्मिनलकर
भोगलंय. बे ट्रेलवर प्रोसेसर फार गाढ झोपेच्या अवस्थेत गेला की कधीकधी उठतच नाही. लिनक्सवर हा रोग वर्षानुवर्षं गाजला. नव्या कर्नलवर बराच कमी झालाय, तरी काही यंत्रांत उरलाय. उपाय: कर्नलला सांगायचं की गाढ झोपू नकोस. ग्रबच्या सेटिंगमध्ये 'इंटेल अंडरस्कोर आयडल, डॉट, मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट, बरोबर, १' हे घालायचं, मग 'अपडेट-ग्रब'. बॅटरी थोडी लवकर संपेल. लगेच कायमचं करू नका. आधी सुरू होताना ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबून एकदाच घालून बघा, तासभर व्हिडिओ लावा. गोठलं नाही तर दोष हाच.

व्हिडिओ अडखळण्याचं कारण निराळं. साइट्स आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारांत व्हिडिओ देतात. या यंत्राची ग्राफिक्स चिप ते हार्डवेअरवर उलगडू शकत नाही, सगळा भार ॲटमवर येतो. एच२६४ हा जुना प्रकार तिला येतो. ब्राउझरमध्ये एच२६४ मागणारं एक्स्टेन्शन मिळतं ते घाला आणि ७२० च्या वर जाऊ नका. ११ इंचात फरकही दिसत नाही.

कुरकुरे_काका
रविवार किती झाले आत्तापर्यंत?

अर्धविराम
दोन आणि एक बुधवार. :)
पण गोठणं थांबलं! काल रात्री बाबांनी पूर्ण दोन तासांची मैफल बघितली. बॅटरी आधी साडेपाच तास होती, आता साडेचार. चालेल.

नवं संकट. बाबांच्या आधीच्या फाइल्स. त्यांनी पहिली साठ पानं जुन्या संगणकावर लिहिली होती, ती उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. बाबा एकदम गप्प बसलेत. फाइल्स खराब झाल्या का?

लेखणीबाई
इतके दिवस नुसती वाचत होते, आता बोलते. फाइल्स ठणठणीत आहेत, बाबांना आधी हे सांगा.
युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवायचे. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट असेपर्यंत ती मराठी दिसतात. लिनक्सचा यात दोष नाही, नव्या विंडोजवरही तो फाँट नसेल तर हेच दिसलं असतं. फाँटची फाइल जुन्या संगणकावरून आणून बाबांच्या 'होम'मधल्या 'फाँट्स' फोल्डरात टाकली की वाचता येईल. पण वाचण्यावर थांबू नका, युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रत्येक जुन्या फाँटसाठी वेगळा परिवर्तक लागतो, फाँटचं नाव नक्की करा.

आणि परिवर्तकावर डोळे झाकून विसंबू नका. तीन जागा हटकून चुकतात. पहिली वेलांटी: जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरात ती घसरते. दुसरा रफार. तिसरा आपला 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा ऱ, त्याचा सर्रास रफार होऊन 'दुसर्या' उरतं. मी अशी अडीचशे पानं तपासली आहेत. 'र्य' आणि 'र्ह' शोधा, बहुतेक चोर तिथेच सापडतात. पण 'सूर्य', 'कार्य'ला हात लावू नका, म्हणून 'सगळे एकदम बदला' हे बटण दाबायचं नाही.

टायपिंगसाठी आयबस (भाषेचा कीबोर्ड बदलून देणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार लिहायची पद्धतही. बाबांचा हात कशावर बसलाय?

अर्धविराम
तुमचे पाय कुठे आहेत लेखणीबाई. बाबांना वाचून दाखवलं, उठून चष्मा शोधायला गेले. इनस्क्रिप्टवर हात आहे, नोकरीत शिकले होते.

लेखणीबाई
मग काहीच अडचण नाही. तोच आराखडा, बोटं आपोआप जातील. ऱ साठी शिफ्ट आणि जे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' ठेवायला विसरू नका. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मग मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

सरळरेषा
हे सगळं लुबुंटूवरही होतं, एवढंच नोंदवतो.

वाकडीवाट
सरळरेषा, तुमचं सातत्य बघून डोळे पाणावले.

तिसरा_डोळा
माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्समधून विंडोजची डिस्क उघडते पण लिहिता येत नाही. आणि विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकतं. इथेच विचारलं तर चालेल?

तळटीप
अवांतर आहे, पण थोडक्यात. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते असलं की विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, म्हणून लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. योग्यच करतं. घड्याळाचं: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. दोघांपैकी एकाला समजवावं लागतं. 'टाइमडेटसीटीएल'मध्ये स्थानिक वेळेचा पर्याय आहे.

अर्धविराम
तीन आठवड्यांनी आले. साठपैकी एक्केचाळीस पानं बदलून, तपासून झाली. बाबा रोज सकाळी दोन पानं तपासतात आणि एक नवं लिहितात. लॅपटॉप बटण दाबल्यापासून पाऊण मिनिटात लिहायला तयार. यापुढे बाबाच बोलतील, त्यांनी आयडी घेतलाय.

अर्धविरामाचे_बाबा
सर्वांना नमस्कार. हा मजकूर त्याच यंत्रावरून लिहीत आहे. संपूर्ण धागा दोन वेळा वाचला. श्री. सुडो यांचा परिचय झाला.
श्री. कुरकुरे काका यांची शंका रास्त होती, परंतु वेळ माझ्यापाशी आहे.
एक अडचण आहे. लिहिताना अंगठा खालच्या पट्टीला लागतो आणि कर्सर उडी मारून तीन ओळी वर जातो. काल अशाने एका वाक्याच्या मध्ये दुसरेच वाक्य शिरले. ते तिथे बरे दिसले म्हणून राहू दिले, पण दर वेळी असे होणार नाही. काय करावे?

टर्मिनलकर
काका, नमस्कार! माउस आणि टचपॅडच्या सेटिंगमध्ये 'टॅप टू क्लिक' असेल, त्याची खूण काढा. मग पट्टीला नुसता स्पर्श झाला तर क्लिक होणार नाही, दाबावं लागेल. माउस जोडत असाल तर पट्टी पूर्णच बंद करा.

अर्धविरामाचे_बाबा
खूण काढली. आभारी आहे. श्री. सरळरेषा यांना विचारायचे होते, हे लुबुंटू काय असते?

वाकडीवाट
चटई परत आणतो.